मायनस चारवरची टाचणी

९ नोव्हेंबर

चिमे,

शून्याच्या खाली गेलेल्या पात्राचं पातळ पुस्तकात काय करायचं, एवढंच विचारायला हे पत्र. घाबरू नकोस, समेटबिमेट काही नाही.

हो, तेच पातळ पुस्तक. आपल्याबरोबर खेळणाऱ्या पोस्टमनने आणलेलं, नव्या नियमांचं, चोवीस पानांचं, ज्याच्यावरून तू आमच्या जेवणाच्या टेबलावरून तावातावाने उठलीस आणि परत फिरकली नाहीस. आपल्या खेळातली मोहीम शेवटी मी त्या नियमांत न्यायला घेतलीय. अकरा वर्षं तू सूत्रधार म्हणून जी गोष्ट चालवलीस, तीन जाडजूड पुस्तकं आणि ते वीस बाजूंचे फासे घेऊन, ती आता मी, कवळ्या बनवणारा माणूस, दोन साध्या फाशांत बसवतोय. पोटभर हसून घे आणि मग उत्तर दे.

माझं पात्र, सरदार लोहदंड, झटकन बसलं. त्याला मुळात येत होतं काय, दार फोडणं आणि पुलावर उभं राहणं. पोस्टमनच्या धुरकट जादूगाराचे एकोणतीस मंत्र होते, पातळ पुस्तकात ते तीन ओळींत उरकतात. पोस्टमन दोन दिवस रुसला होता. मग म्हणाला, तसेही त्यातले सव्वीस कधी वापरले नव्हते.

अडलंय ते तुझ्या वहिनीच्या पात्रापाशी, त्या चोरट्या टाचणीपाशी. टाचणीचे प्राण जुन्या हिशेबात ऐंशी. मी सगळ्यांच्या प्राणांना सोळाने भागलं, म्हणजे तिचे पाच. इथवर ठीक. पण आपण शेवटचं खेळलो तेव्हा ती तलावाखालच्या शहरात, दाराच्या उंबऱ्यावर, मायनस चारवर पडलेली होती. तुझ्या पुस्तकात शून्य ते मायनस दहा म्हणजे माणूस पडलेला, पण अजून गेलेला नाही. पातळ पुस्तकात शून्याखाली काही नाहीच. शून्य म्हणजे मेला. मग मायनस चारला सोळाने भागू की काय करू?

नियम का बदलतोय असं विचारशील. आकडेमोड कमी हवीय. वय झालं आमचं. जागाही बदलली आहे, घरी न जमता दुसरीकडे जमणार आहोत. मोठा हॉल आहे, जेवण वेळेवर येतं, आणि फासे टाकायला स्टीलचा छान ट्रे मिळालाय, किडनीच्या आकाराचा.

वहिनी बरी आहे. तीच लिहिणार होती, पण उजव्या हाताला सध्या जरा त्रास आहे, म्हणून मी.

तू फोन उचलत नाहीस, मेसेज तुझ्यापर्यंत जातच नाहीत. पोस्टमन म्हणतो, तुझ्या त्या डोंगरावरच्या वेधशाळेत आठवड्यातून एकदाच टपाल चढतं. तेव्हा लगेच लिही.

आशीर्वाद देत नाही, रागावलोय अजून.

दादा


२१ नोव्हेंबर

चिमे,

माझंच पत्र लाल शाईने तपासून परत पाठवणारी बहीण जगात एकच असेल आणि ती माझ्या वाट्याला यावी हे माझं नशीब.

‘प्राणांना सोळाने भागलंस, मग तलवारींना कोणी भागायचं? पहिल्याच घावात सगळे मरतील.’ बरोबर आहे. माझ्या लक्षात आलं नव्हतं. ‘टाचणीला कुलूप चौऱ्याहत्तर टक्के उघडतं, याचं नवीन नियमांत काय केलंस?’ काहीच केलं नव्हतं. आणि खाली, समासात, ‘आकडे न्यायचेच नसतात. टाचणी कशाला घाबरायची आणि तिला कोण घाबरायचं, तेवढं ने. बाकीचं आपोआप येतं.’

हे तुला इतकं पक्कं ठाऊक होतं, तर त्या दिवशी पोस्टमनच्या अंगावर का धावून गेलीस? ‘अकरा वर्षं मी रांधून वाढलं, आता म्हणता बाहेरून डबा लावू,’ हे कोण म्हणालं होतं? तो बिचारा पोस्टमन अजूनही ते पुस्तक पिशवीतून काढताना आधी दाराकडे बघतो.

चार पानं लाल केलीस. मायनस चारच्या प्रश्नापुढे मात्र शाई संपली. तिथे एक टिंबसुद्धा नाही.

असो. खरं सांगतो. वहिनी बरी नाही.

ऑगस्टमध्ये औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी होती. एका गिऱ्हाइकाला गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगताना म्हणाली, ‘दिवसातून टेबल.’ गिऱ्हाईक हसलं. तीही हसली म्हणे. परत सांगायला गेली आणि परत तेच म्हणाली, मग काउंटरला धरून हळूहळू खाली बसली. मेंदूतली गाठ नाही, रक्तस्राव. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. शब्द सापडत नाहीत. आणि आकडे तर मुळासकट गेले. जी बाई हजार औषधांचे मिलिग्रॅम तोंडपाठ सांगायची, तिला दोन बिस्किटं आणि तीन बिस्किटं यांतला फरक बोलून सांगता येत नाही. म्हणून ते पातळ पुस्तक. तुझ्या तीन पुस्तकांतली एकही बेरीज आता तिच्याच्याने होणार नाही.

तुला कळवलं नाही, कारण मी ‘चिमीला सांगू का?’ म्हटलं की ती डाव्या हाताची मूठ पलंगाच्या दांडीवर आपटते. ‘नाही’ हा एक शब्द तिला चोख येतो. आत्यालासुद्धा सांगू दिलं नाही. तुम्ही दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, मी मधे नंतर आलो. तिने तुला असं दिसू द्यायचं नाही ठरवलं असेल तर त्यात माझं चालत नाही. हे पत्र चोरून लिहितोय.

आता ती पुनर्वसन केंद्रात आहे. पुढच्या इमारतीत. इथे प्रयत्न करणाऱ्या लोकांना ठेवतात. व्यायाम, बोलणं, चमचा धरणं. जे प्रयत्न करत नाहीत त्यांना मागच्या इमारतीत हलवतात. मी एकदा जाऊन बघून आलो. स्वच्छ आहे, कोणी ओरडत नाही, टीव्ही चालू असतो आणि सगळे पलंग टीव्हीकडे तोंड करून असतात. टीव्ही कोणी बघत नाही. मी दारातूनच परत फिरलो.

वहिनी प्रयत्न करत नाही, चिमे. सुरुवातीला करायची. आता उपचार करायला बाई आल्या की डोळे मिटते. बारा डिसेंबरला डॉक्टरांची बैठक आहे, पुढची इमारत का मागची ते ठरवायला.

तिच्या बोलण्यावर काम करणाऱ्या बाईंना इथे सगळे बोलक्या बाई म्हणतात. त्यांनी मला विचारलं, हिला जीव टाकावा असं काय आवडायचं? मी म्हटलं, आम्ही एक खेळ खेळायचो. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र काय करतं ते बोलायचं आणि जिथे अडेल तिथे फासे टाकायचे. त्या म्हणाल्या, बोलायचं? मग अजून वाट कसली बघताय?

आणि ऑक्टोबरात तिने स्वतःहून एक शब्द काढला होता. ‘टाचणी?’ असा, विचारल्यासारखा. नर्सने सूचनाफलकावरची टाचणी काढून आणून दिली. तुझ्या वहिनीने त्या टाचणीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं ती काय विचारतेय. मेली की आहे, ते विचारतेय. मला ठाऊक नाही. फक्त तुला ठाऊक आहे.

सांग.

दादा


२९ नोव्हेंबर

चिमे,

तुझ्या उत्तराची वाट बघायला हवी होती. थांबलो नाही. बारा तारीख अंगावर येतेय आणि तुझं टपाल गाढवावरून उतरतं की काय कोण जाणे.

परवा दुपारी केंद्राच्या जेवणाच्या हॉलमध्ये बसलो. मी, पोस्टमन, चाकाच्या खुर्चीत तुझी वहिनी, आणि जरा लांब बोलक्या बाई. सूत्रधार मी. सूत्रधाराचे फासे झाकायला तुझ्यासारखा पडदा हवा म्हणून एक जुनी पुठ्ठ्याची फाइल उभी केली, ती दर पाच मिनिटांनी आडवी व्हायची. पोस्टमन गणवेशातच आला होता, टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

खुर्चीत बसून यायला ती तयार झाली, हेच मला फार वाटलं. फासे बघून डोळे हलले तिचे. डाव्या हाताने एक फासा उचलला आणि मुठीत धरून बसली.

मी सुरू केलं. सांगितलं की तलावाखालच्या शहरात पहाट झालीय, सरदाराने आणि धुरकटने टाचणीला उंबऱ्यावरून उचलून आणलं, एका म्हाताऱ्या वैद्याने तिच्या जखमा बांधल्या आणि आता ती शेकोटीशी उठून बसलीय. पाचपैकी पाच प्राण. म्हटलं, टाचणी आता काय करते बघू.

फासा माझ्या कपाळावर लागला. डाव्या हाताचा नेम, तरी अगदी बरोबर.

‘खोटं,’ ती म्हणाली.

बोलक्या बाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी तो शब्द तिच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. मी आपला कपाळ चोळत हसत सुटलो, आनंदाने, वेड्यासारखा. आणि तिने डावा हात पुढे केला, चार बोटं खाली करून, जमिनीकडे. चार. खाली. आकडे सगळे गेलेत तिचे, पण ती चार बोटं राहिलीत. मायनस चारवर पडलेलं माणूस कोणी फासा न टाकता, कोणी काही न करता, शेकोटीशी उठून बसत नाही. अकरा वर्षं खेळलेल्या बाईला मी फुकटचा जीव दिला, लहान मुलाला लुटूपुटूच्या खेळात जिंकवतात तसा. केंद्रात दिवसभर सगळे तिच्याशी तसंच वागतात. ‘अरे वा, शाब्बास, पाणी प्यायलीस!’ खेळात तरी ती मोठी होती.

मग तिने तोंड फिरवलं आणि खुर्ची वळवायची खूण केली.

त्या दिवसापासून जेवत नाही. सूप ओठांशी नेलं की ओठ घट्ट. केळं कुस्करून दिलं, ते गालात धरून ठेवलं आणि नर्स गेल्यावर उशीवर काढलं. काल डॉक्टर नळीबद्दल बोलले. नळी घातली की मागची इमारत, हे त्यांनी म्हटलं नाही, पण मला ऐकू आलं.

मी पोस्टमनबरोबर बसून नवीन नियम करून बघितला, पडलेल्या माणसासाठी. पुस्तकात नसेल तर आपण घालू. दोन फासे, सातच्या वर पडले तर वाचली. पण मग वाटलं, ती म्हणणार, तो फासा तर चिमीने टाकलाय.

कारण टाकलास तू. आम्ही तिघांनी ऐकला तो. टाचणी पडली, तू म्हणालीस ‘बघू’, पडद्यामागे फासा खडखडला. तू बघितलंस. आणि म्हणालीस, आज इथेच थांबू. जुन्या नियमात पडलेल्या माणसासाठी सूत्रधार फासा टाकतो, काय पडलं ते त्यालाच दिसतं, हे तूच आम्हाला शिकवलंस. नंतर पोस्टमनने चहाच्या वेळी ते पुस्तक काढलं आणि पुढचा तमाशा झाला.

काय पडलं होतं, चिमे?

माझ्या कामाचं विचारू नकोस. काल एका आजोबांच्या कवळीत दोन्ही सुळे एकाच बाजूला बसवले. लावून बघितली तेव्हा आजोबा म्हणाले, बायको घाबरेल. मालक मेण वितळवायच्या दिव्यापाशी उभा राहून नुसता बघत राहिला. चांगला माणूस आहे, पण बघण्यालाही मर्यादा असतात.

हात जोडतो. खरंच जोडतो, हसू नकोस. टाकलेला फासा सांग.

दादा


६ डिसेंबर

चिमे,

तुझं पत्र आलं. पोस्टमनने ते पिशवीत न टाकता शर्टाच्या आत घालून माझ्या कवळ्यांच्या प्रयोगशाळेत आणलं आणि मी वाचेपर्यंत समोर उभा राहिला.

एक.

वीस बाजूंचा फासा, आणि एक. याहून वाईट त्या फाशावर काही पडतच नाही. ती त्याच क्षणी गेली होती. म्हणजे आम्ही चहा पीत होतो, पोस्टमन बिस्किटं वाटत होता, वहिनी म्हणत होती ‘पुढच्या वेळी मला कोणीतरी उचला रे’, आणि टाचणी तेव्हा मेलेली होती आणि तू कपात साखर ढवळत होतीस.

‘मला सांगवेना,’ लिहितेस. ‘तिने अकरा वर्षं ते पात्र जपलं होतं. पोस्टमनने पुस्तक काढलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. भांडायला काहीतरी मिळालं. भांडले की परत खेळावं लागणार नाही, आणि खेळलं नाही की ती मरणार नाही.’

वा ग वा! याला म्हणतात शहाणपण. एका कागदावरच्या चोरट्या बाईला मारवेना म्हणून तू जिवंत मैत्रिणीशी बोलणं टाकलंस. दोन वर्षं. तिने तुला दोन पत्रं लिहिली, मला माहीत आहे, मीच पेटीत टाकली. दोन वर्षं तिला वाटत होतं की तुला तिचा राग आलाय. इतकी मऊ होतीस तर सूत्रधार कशाला झालीस? ड्रॅगनने गावं जाळली तेव्हा नाही हात थरथरला!

हे सगळं खोडणार होतो. नाही खोडत. वाच.

आता माझं ऐक, कारण ऐकायला दुसरं कोणी नाही. मला भीती वाटते. इतकी भीती मला ती काउंटरमागे पडली तेव्हाही वाटली नव्हती, तेव्हा धावपळ होती. तिला सांगितलं की टाचणी मेली, तर ती टाचणीबद्दल ऐकणार नाही, स्वतःबद्दल ऐकेल. मी मायनस चारवर होते आणि एक पडला, असं ऐकेल. मग उरलीसुरली मुठीची पकडही सोडून देईल. आणि नाही सांगितलं, वाचली म्हणून सांगितलं, तर तिला कळेल. कसं कळतं माहीत नाही, पण तिला माझा प्रत्येक खोटेपणा कळतो. मी दात काढून हसायला लागलो की कळतं म्हणायची. बोलता यायचं तेव्हा म्हणायची.

पोस्टमन म्हणतो, नवीन नियम, नवीन फासा. जुना फासा जुन्या पुस्तकाबरोबर गेला. तो तिच्यासमोर टाकू, उघडा, पडेल ते पडेल. ऐकायला किती छान वाटतं. मी रात्रंदिवस त्याच बाजूने स्वतःला समजावतोय. पण मग मधे दोन वर्षं कोण पडलेलं होतं तिथे उंबऱ्यावर? आणि दोन फाशांवर दोन पडले तर? एकाच टाचणीला तिच्यासमोर दोनदा मारू?

आज सकाळी सूपचा चमचा तिने हाताने बाजूला केला. जोरात नाही. जोरात केला असता तर मला बरं वाटलं असतं. नळी सोमवारी घालायची ठरतेय.

तू ये असं लिहिणार होतो. पण हे पत्र डोंगरावर चढेपर्यंत आणि तू उतरेपर्यंत बारा तारीख होऊन जाईल. उद्या रविवार. उद्या मी तिला खरं सांगणार आहे. पोस्टमन येणार आहे, आणि बोलक्या बाई सुट्टी असून येतो म्हणाल्यात. मी चूक करत असेन तर ते तुला पत्र पोचेल तेव्हा करून झालेलं असेल. तुझ्यावर ढकलत नाही. पण एकट्याने करायला लावलंस, हे मात्र लिहून ठेवतो.

दादा


१३ डिसेंबर

चिमे,

आधी बैठकीचं. पलंग पुढच्याच इमारतीत राहिला, जानेवारीअखेरपर्यंत. नळी घातलेली नाही. मला वाटलं होतं हे कळलं की मी नाचेन. जिन्यात बसून राहिलो, सफाईवाल्या बाई म्हणाल्या, दादा, जरा पाय वर घ्या.

आता रविवारचं.

मी पुठ्ठ्याची फाइल उभी केली, गोष्ट वगैरे काही सुरू केली नाही. सरळ सांगितलं. म्हटलं, टाचणी गेली. चिमीने त्याच दिवशी फासा टाकला होता. एक पडला. तिला सांगवलं नाही म्हणून ती भांडून गेली. तुझ्यावर रागवून नाही गेली.

तिने एक बोट वर केलं. मी म्हटलं, हो, एक.

मग ती रडली. ऑगस्टपासून तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी यायचं, कारण नसताना, डॉक्टर म्हणायचे ते आजाराचंच आहे. हे तसं नव्हतं. हे मोठ्याने, तोंड उघडून, वाकडं होणारं तोंड कोणाला दिसतंय याची पर्वा न करता. शेजारच्या टेबलावरचे लोक जेवायचे थांबले. नर्स धावत आली, बोलक्या बाईंनी तिला हातानेच अडवलं. पोस्टमन उठून उभा राहिला, टोपी हातात घेऊन. मी काय केलं असेल? मी ट्रेमधले फासे पुसत बसलो. ओले नव्हते. मला वाटलं, झालं, संपलं, मी माझ्या हाताने तिला मागच्या इमारतीत ढकलली.

बऱ्याच वेळाने तिने बाहीला नाक पुसलं आणि म्हणाली, ‘पुढे.’

मला कळलंच नाही. ती परत म्हणाली, जरा चिडून, ‘पुढे!’

तेव्हा मी सुरू केलं. सांगितलं, सरदार आणि धुरकट उंबऱ्यापाशी आलेत, टाचणी दारातच पडलेली आहे, तिला तलावाच्या वर न्यायचंय. एवढं बोललो आणि फाइल पुन्हा आडवी झाली. मी उभी करायला गेलो तर तिने डाव्या हाताने ती धरली. मला वाटलं मदत करतेय. तिने ती ओढली. टेबलावरून खरडत, फासे इकडे तिकडे पाडत, आपल्यापुढे नेली आणि पोटाशी लावून उभी केली. आणि तिच्यामागून आमच्याकडे बघायला लागली.

पोस्टमनला माझ्या आधी कळलं. तो खाली बसला आणि खुर्ची टेबलाशी ओढून घेतली, खेळाडू बसतो तशी.

चिमे, पातळ पुस्तकात सूत्रधाराला काही मोजावं लागत नाही. एकही फासा टाकावा लागत नाही. फासे खेळाडूंनी टाकायचे, आकडे खेळाडूंनी वाचायचे. मी महिनाभर ते पुस्तक उलटंपालटं करतोय, तिचं पात्र त्यात कसं बसेल म्हणून डोकं फोडतोय, आणि ती ज्या जागी बसू शकत होती ती जागा मला दिसली नाही. मला वाटत होतं ती जागा तुझी आहे.

ती पोस्टमनकडे वळली. ओठ जुळवायला वेळ लागला. म्हणाली, ‘धुरकट. तू काय करतोस?’

पूर्ण वाक्य. बोलक्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. तू हे वाक्य आम्हाला अकरा वर्षं किती वेळा विचारलंस ग? दर दोन मिनिटांनी विचारायचीस. बोलक्या बाई नंतर म्हणाल्या, हजारदा ऐकलेलं बोलणं कधीकधी मेंदूच्या दुसऱ्या कोपऱ्यात शाबूत राहतं. राहू दे कुठेही. धुरकट म्हणाला, मी दिवा लावून पुढे चालतो. तिने मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. ‘सरदार, तू काय करतोस?’

माझा सरदार, माहीत आहे ना तुला, प्रश्न संपायच्या आत दार फोडणारा. मी आधी सांडलेले फासे ट्रेमध्ये गोळा केले. शेवटी म्हटलं, मी तिला खांद्यावर घेतो.

‘जड,’ ती म्हणाली.

म्हटलं, लहानशी तर होती टाचणी.

‘जड,’ ती परत म्हणाली, तुझ्यासारखीच, हट्टाने. सूत्रधार म्हणतो जड, तर जड. मी फासे टाकले. कमी पडले. उचलली गेली नाही.

मग तिने टेबलाच्या चौथ्या बाजूकडे बघितलं. तिथे खुर्चीही नव्हती. चाकाची खुर्ची आत यावी म्हणून आम्ही ती काढून ठेवली होती. तिथे बघत तिने तुला विचारलं. मी म्हटलं, अगं, चिमी इथे नाही, आणि तिचं पात्रही नाही, ती नेहमी सूत्रधार असायची. तिने मला हातानेच गप्प केलं. परत विचारलं, मोठ्याने. आणि थांबली. फाइलमागे बसून, भुवया जराशा वर करून, वाट बघत.

खेळ तिथेच थांबलाय. टाचणी उंबऱ्यावर आहे, आम्ही दोघे तिच्या बाजूला उभे आहोत. पोस्टमन रोज टपाल वाटून येतो, मी काम संपवून येतो, आणि ती पुढे सरकू देत नाही. अर्धी वाटी सूप घेते. व्यायामाला डोळे उघडे ठेवते, पण शिव्या दिल्यासारखं तोंड करून. मी दारातून आत आलो की विचारते, ‘आलं?’ मी म्हणतो, चिमीचं उत्तर अजून नाही. आज ‘अजून नाही’ म्हटल्यावर तिने वाटी दूर सारली. मला परत तीच भीती वाटायला लागलीय. किती दिवस धरून ठेवेल ते मला माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

मी तुला ये म्हणत नाही. मी म्हणालो असतो तर तू लाल शाई काढली असतीस. हे मी विचारत नाहीये. सूत्रधार विचारतेय, आणि तिने विचारलं तसंच लिहितोय.

चिमे, तू काय करतेस?